लिंबू पिळायचं की लोकांना दाखवायचं?

प्रश्न असा आहे: लग्नाच्या वाढदिवसाला परदेशातल्या नातेवाइकांनी दोन वस्तू दिल्या. एक, अलेस्सी या इटालियन कंपनीचं तीन लांब पायांचं, कोळ्यासारखं उभं राहणारं लिंबू पिळायचं यंत्र. दुसरी, त्याच कंपनीची स्टीलची किटली, तोटीवर छोटा लाल पक्षी बसवलेला, पाणी उकळलं की तो शिट्टी घालतो. सासूबाईंचं म्हणणं, वस्तू वापरायलाच असते. मुलीचं म्हणणं, या शोकेसमध्येच शोभतील. कोणाचं ऐकायचं?

यंत्राबाबत मुलीचं, किटलीबाबत सासूबाईंचं. दोन्हींना अटी आहेत, आणि त्या अटी कळल्या की अशा कुठल्याही देखण्या वस्तूबद्दल दुकानात उभ्या उभ्या निकाल देता येतो.

आधी यंत्र. त्याचं नाव ज्यूसी सालिफ. फ्रेंच डिझायनर फिलिप स्टार्क यांनी ते केलं आणि 1990 मध्ये अलेस्सीने बाजारात आणलं. कंपनीला त्यांच्याकडून खरं तर एक ट्रे हवा होता. इटलीतल्या एका बेटावर पिझ्झेरियात बसून त्यांनी टेबलावरच्या कागदी मॅटवर चित्रं काढली आणि त्यातून हे निघालं. वस्तू ओतीव अ‍ॅल्युमिनियमची, पॉलिश केलेली, उंची 29 सेंटिमीटर, पायांचा घेर सुमारे 14 सेंटिमीटर. हे लिंबू पिळण्यासाठी नाही, गप्पांना सुरुवात करून देण्यासाठी आहे, असं स्टार्क यांच्या नावावर सांगितलं जातं. ते कितीही गमतीने म्हटलेलं असो, 2000 मध्ये दहाव्या वर्षानिमित्त कंपनीने सोन्याचा मुलामा दिलेली मर्यादित आवृत्ती काढली, तेव्हा ती वापरू नये असं सांगावंच लागलं. लिंबाच्या आम्लाने मुलामा खराब होतो. लिंबाला घाबरणारं लिंबू पिळायचं यंत्र! तुमच्याकडे ती सोनेरी आवृत्ती असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, काचेच्या कपाटात ठेवा.

साधं, चंदेरी असेल तर ते काम करतं, पण सगळ्या फळांवर नाही. अर्धं फळ ज्या माथ्यावर दाबायचं तो वर रुंद, घुमटासारखा आहे, आणि खाली निमुळता होत टोकाला येतो. अंगावरच्या उभ्या पन्हाळींतून रस त्या टोकाशी यावा आणि खालच्या पेल्यात पडावा अशी कल्पना. युरोपातलं मोठं पिवळं लिंबू किंवा संत्रं या माथ्यावर नीट बसतं. आपलं कागदी लिंबू जेमतेम चार सेंटिमीटर व्यासाचं. त्याची फोड घुमटावर टोपीसारखी वरच्या वर राहते, दाबलं की एका बाजूला निसटते आणि रस मनगटावर येतो. मोसंबी, माल्टा, संत्रं, ईडलिंबू चालेल. कागदी लिंबाला जुनं दोन दांड्यांचं दाबायचं यंत्रच बरं: फोड खळग्यात बसते, लांब दांड्यांमुळे कमी जोर लागतो, आणि बिया भोकांच्या मागे अडकतात.

बियांचं इथे काय होतं? सरळ पेल्यात. गाळणीच नाही. त्यामुळे आधी चाकूच्या टोकाने बिया काढा, किंवा पेल्यावर चहाची गाळणी ठेवा. गाळणी ठेवली की तीन पायांच्या मधली जागा भरते आणि ज्या रूपासाठी एवढे पैसे मोजले ते झाकलं जातं, हा भाग वेगळा.

दुसरी अडचण उंचीची आहे, आणि ती कोणी फारशी बोलत नाही. आपला ओटा साधारण 32 ते 34 इंच, म्हणजे 81 ते 86 सेंटिमीटर. त्यावर 29 सेंटिमीटरचं यंत्र. म्हणजे हात जमिनीपासून सुमारे 112 सेंटिमीटरवर काम करणार. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईचं कोपर उभं राहिल्यावर 99 सेंटिमीटरच्या आसपास येतं. कोपराच्या वर हात गेला की अंगाचं वजन टाकता येत नाही, सगळा जोर खांद्यातून काढावा लागतो. उपाय सोपा आहे, पण वस्तूच्या ऐटीला शोभणारा नाही: यंत्र कोरड्या, स्वच्छ सिंकमध्ये ओलं फडकं पसरून त्यावर ठेवा. सिंक 15 ते 20 सेंटिमीटर खोल असतं, तेवढ्याने हात कोपराच्या खाली येतो, आणि सांडलं तर तिथेच सांडतं. जेवणाचं टेबल 75 सेंटिमीटरचं असतं, तेही ओट्यापेक्षा बरं.

तिसरी गोष्ट, रस पायांवरून खाली उतरतो. द्रवाला पृष्ठभागाला चिकटून वाहायची सवय असते. त्याला तोडायला धारदार कड किंवा अडवायला पन्हाळीची भिंत लागते. काचेच्या जुन्या पसरट रसपात्राला भोवती कठडा असतो तो त्यासाठीच. इथे माथ्याला पाय जोडलेत तिथे कसलाही कठडा नाही, म्हणून काही रस मधल्या टोकाकडे जातो आणि काही पायांवरून ओट्यावर. ओटा ग्रॅनाइटचा असेल तर पुसलं की झालं. कडप्प्याचा असेल तर जपा. कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड आहे, लिंबाचा रस त्यावर काही मिनिटं जरी राहिला तरी पॉलिश खाऊन पांढुरका डाग पडतो आणि तो पुसून जात नाही. संगमरवराचंही तेच.

तरीही कधीतरी वापरायचंच असेल तर असं वापरा. फळ तळहाताखाली दाबून ओट्यावर सात-आठ वेळा लोळवा. आडवं कापा, देठाकडून उभं नको. बिया काढा. यंत्राखाली ओलं फडकं घाला, नाहीतर पिळताना तिन्ही पाय गोल फिरतात. डाव्या हाताने एक पाय माथ्याजवळ धरा, उजव्या हाताने फोड सरळ खाली दाबत पाव-पाव वळसा चार-पाच वेळा द्या. पूर्ण गोल फिरवत बसलात तर सालीखालचा कडू पांढरा भाग खरवडून येतो. एक-दोन ग्लास मोसंबीचा रस होईल. पंधरा लिंबांचं सरबत करायला घेतलंत तर पाचव्या लिंबाला कंटाळाल.

पिळून झालं की लगेच धुवा. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच त्याचं रक्षण करतो. हा थर साधारण 4.5 ते 8.5 पीएचच्या दरम्यान टिकतो (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट). लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीचच्या आसपास असतो, म्हणजे वाळू दिलेला रस तो थर खातो आणि चकाकीच्या जागी मळकट ओघळ उरतात. उलट बाजूने डिशवॉशरची पावडर तीव्र अल्कलीयुक्त असते, तिने अ‍ॅल्युमिनियम काळवंडतं. म्हणजे डिशवॉशर नको, चिंच नको, पितांबरी नको, तारेची घासणी तर नकोच. कोमट पाणी, भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ स्पंज, आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसणं. आणखी एक: या यंत्राच्या नकला पुष्कळ निघाल्या आहेत. खालचा धातू कुठला याची खात्री नसेल, किंवा माथ्यावर पापुद्रा सुटताना दिसत असेल, तर त्यावर आंबट काही घालू नका.

आता किटली. ही मायकेल ग्रेव्हज या अमेरिकन वास्तुरचनाकाराने केलेली, 1985 ची. शंकूसारखं अंग, रुंद बूड, वर कमानीसारखी मूठ, बुडाजवळ बारीक ठिपक्यांची ओळ, आणि तो पक्षी. पक्ष्यामुळे ती खेळण्यासारखी दिसते आणि लोक तिला शोभेची समजतात. पण नीट पाहा. रुंद बूड आच चांगली घेतं. मुठीला निळं आवरण आहे, म्हणजे हात जिथे लागतो तिथे धातू नाही. तोंड रुंद आहे, आत हात घालून पुसता येतं. ठिपके आणि पक्षी काढून टाकले तरी खाली शहाणी किटली उरते.

वापरताना चार गोष्टी बिघडतात. पाणी तोटीच्या आतल्या भोकापर्यंत भरलं तर उकळल्यावर शिट्टीतून गरम पाण्याचे शिंतोडे उडतात. दोन-तृतीयांशच भरा. आच बुडाबाहेर आली तर मुठीच्या आणि पक्ष्याच्या प्लास्टिकला झळ लागते, म्हणून आपल्या शेगडीच्या मोठ्या बर्नरवर ठेवलीत तर ज्योत बारीक ठेवा. ओतण्याआधी पक्षी काढावा लागतो आणि तेव्हा तो वाफेने तापलेला असतो. हा मात्र डिझाइनमधला खरा दोष आहे. जवळ फडकं ठेवा, बोटांनी ओढू नका. आणि शिट्टी हळूहळू बारीक होत गेली तर बहुतेक वेळा दोन कारणं असतात, झाकण घट्ट बसत नाही किंवा भोकांत क्षार साचलेत.

बोअरचं पाणी असेल तर क्षार साचणारच. स्टीलच्या किटलीत एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा, म्हणजे साधारण 15 ग्रॅम, सायट्रिक अ‍ॅसिड घाला. किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं तेच. पक्षी काढून उकळी आणा, गॅस बंद करून अर्धा तास ठेवा, ओता, मग दोनदा साधं पाणी उकळून फेका. हीच कृती अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यावर करू नका, कारण वर सांगितलंच आहे. इंडक्शनवर चालेल का ते बघायला फ्रिजवरचं चुंबक बुडाला लावा. घट्ट चिकटलं तर चालेल, घसरलं तर नाही.

आता अट. ही किटली फक्त पाणी उकळण्यासाठी आहे. आपला चहा पातेल्यात होतो: पाणी, साखर, आलं, पावडर, दूध, सगळं एकत्र उकळून. तो चहा या किटलीत करायला गेलात तर दूध तोटीत जळेल, शिट्टीत साय अडकेल आणि तो वास आठवडाभर जाणार नाही. घरात दिवसातून दोन-तीनदा नुसतं गरम पाणी लागत असेल, कोणी ग्रीन टी किंवा कॉफी पीत असेल, थंडीत प्यायला पाणी कोमट करत असाल, तर सासूबाईंचं ऐका आणि ती शेगडीवरच राहू द्या. तसं काहीच नसेल तर ती तुमच्या घरात शोभेचीच ठरेल, आणि त्यात तिचा काही दोष नाही.

मग पारख कशी करायची? वस्तूच्या तीन जागा बघा: काम जिथे होतं ती, हात जिथे लागतो ती, आणि धुताना पाणी जिथे पोचायला हवं ती. या तीन जागी डिझायनरने हट्ट सोडला असेल तर बाकी अंगावर त्याने काहीही केलेलं चालतं. या तीनपैकी एकाही जागी रूप कामाच्या आड आलं, तर नाकापेक्षा मोती जड.

आपल्याकडचा अडकित्ता याचं उत्तम उदाहरण आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुने अडकित्ते आहेत, ते याच नजरेने बघा. नक्षी, प्राणी, पक्षी, माणसं, काय वाटेल ते आहे. पण पातं सपाट आणि धारदार, सुपारी ठेवायची बैठक साधी, खिळा घट्ट. सगळी हौस दांड्यांवर आणि मागच्या अंगावर केलेली. म्हणून ते पानाच्या डब्यात रोज वापरले गेले आणि आता काचेमागेही शोभतात. समईचंही तसंच: वरचा हंस कितीही नखरेल असला तरी तेलाची वाटी आणि वातीची चोच मोकळी असते.

उलटं उदाहरण पुन्हा स्टार्क यांचंच आहे. हॉट बेर्ता नावाची त्यांची अ‍ॅल्युमिनियमची किटली, तिरकी, अंगातून आरपार गेलेला एक शंकू: एका टोकाला तोटी, दुसऱ्या टोकाला मूठ, आणि पाणीही तिथूनच भरायचं. दिसायला अफलातून. पण काम, हात आणि पाणी या तिन्ही जागा त्या एकाच शंकूत कोंबलेल्या. काही वर्षांत ती बंद झाली आणि खुद्द अलेस्सीचे प्रमुख अल्बेर्तो अलेस्सी यांनी तिला आपलं सर्वांत सुंदर अपयश म्हटलं. याच अल्बेर्तोंचे आजोबा, आईचे वडील, आल्फोन्सो बियालेत्ती. त्यांच्या नावाचा मोका एक्सप्रेस हा कॉफीचा अष्टकोनी पॉट 1933 पासून चालू आहे. त्याचे आठ पैलू चित्रासारखे दिसतात, पण ओल्या हाताने वरचा भाग पिळून उघडताना तेच पैलू पकड देतात. आल्फोन्सोंचा मुलगा रेनातो 2016 मध्ये वारला तेव्हा त्याची रक्षा मोका पॉटच्याच आकाराच्या कलशात ठेवली गेली. मोका पॉट शोभेला ठेवल्याचं असं उदाहरण दुसरं नसेल.

दुकानात करायची एक चाचणी सांगतो, कारण तोटीचा दोष घरी आल्यावरच कळतो. दुकानदाराला विचारून किटलीत किंवा चहाच्या भांड्यात ग्लासभर पाणी घाला, हळू ओता आणि मध्येच झटकन थांबवा. पातळ, धारदार ओठाची तोटी पाणी जागच्या जागी तोडते. जाड, गोल वळवलेल्या ओठावरून थेंब मागे वळून पोटावर ओघळतो. रोज ओघळणारी किटली महिन्याभरात कपाटात जाते.

जे शोभेला ठेवायचं ठरेल ते स्वयंपाकघरात ठेवू नका, निदान शेगडीपासून दोन मीटरच्या आत नको. फोडणीचा धूर तेल घेऊन उडतो, ते पॉलिशवर बसतं, त्यावर धूळ बसते आणि सहा महिन्यांत कोरड्या फडक्याने न निघणारा चिकट पिवळा थर होतो. तो काढायला कोमट साबणपाणीच लागतं. मुंबई, कोकण, गोवा, जिथे खारी हवा आहे तिथे उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर पांढरे बारीक ठिपके पडतात आणि मग ते खोल जातात. तिथे काचेचं दार हवं, आणि महिन्यातून एकदा पुसणं हवं.

शेवटचं, विजेच्या वस्तूंबद्दल, कारण पुढच्या वाढदिवसाला टोस्टर येण्याचा संभव आहे. अमेरिकेतून आलेली तापणारी वस्तू 120 व्होल्टची असते. ती आपल्या 230 व्होल्टवर थेट लावली तर जवळजवळ पावणेचार पट शक्ती ओढते: 1500 वॉटची किटली साडेपाच हजार वॉटवर जाईल आणि क्षणात जळेल. ट्रान्सफॉर्मर लावायचा तर तो निदान 2000 व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा, म्हणजे किटलीपेक्षा मोठा आणि कितीतरी जड. ती वस्तू तुमच्याकडे शोभेचीच समजा. युरोपातली 230 व्होल्टचीच असते, ती चालते. पण तिची दोन गोल पिनांची पिन आपल्या साध्या सॉकेटमध्ये सैल बसते, आणि तिचं अर्थिंग बाजूच्या पट्ट्यांमधून येत असल्याने आपल्याकडे जोडलंच जात नाही. धातूच्या अंगाची वस्तू असेल तर इलेक्ट्रिशियनकडून पिन कापून 16 अँपिअरची तीन पिनांची बसवून घ्या, कारण 2200 वॉटची किटली साडेनऊ अँपिअर ओढते आणि ओट्यावरचं छोटं सॉकेट सहाचंच असतं.